कोळी विचार करू लागला, तर कसा करील?

परग्रहावरचा जीव म्हटलं की सिनेमात दिसतो तो बहुधा माणूसच. डोकं मोठं, रंग हिरवा, बाकी राग-लोभ सगळे आपलेच. एड्रियन चायकॉव्स्की या ब्रिटिश लेखकाने 'चिल्ड्रन ऑफ टाइम' (२०१५) या इंग्रजी कादंबरीत ही सोपी वाट सोडली. २०१६चा आर्थर सी. क्लार्क पुरस्कार तिला मिळाला.

बेत असा असतो, की एका दूरच्या ग्रहावर माकडं सोडायची आणि कृत्रिम विषाणूने त्यांची बुद्धी झपाट्याने वाढवायची. माकडं वाटेतच मरतात. विषाणू मात्र उतरतो आणि कोळ्यांमध्ये रुजतो. पोर्शिया लाबिआटा ही त्यांची जात खरोखरची आहे, भारतातही सापडते. जेमतेम सेंटिमीटरभर जीव, पण दुसऱ्या कोळ्यांची शिकार करतो. त्यांचं जाळं वेगवेगळ्या तालात हलवून बघतो, जो ताल लागू पडेल तो चालू ठेवतो. सावज नजरेआड झालं तरी लांबचा वळसा घालून नेमका त्याच्यावर येतो.

मग अशा जिवाचा समाज कसा असेल? भाषा पायांतून जाणारी, धाग्यांच्या कंपनांची. शाळा नाहीच, कारण पूर्वजांचं ज्ञान रक्तातूनच मिळतं. हिशेबाचं यंत्र म्हणजे वासाच्या इशाऱ्यांवर चालणारी मुंग्यांची वसाहत! दर पिढीत नावं तीच, आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात तशी.

सत्ता माद्यांची. (मादीला कोळीण म्हणावं तर आपल्या डोळ्यांपुढे मासळीबाजार येतो, मराठीची अडचण.) नर लहानखुरा, मीलनानंतर मादीने त्याला खाल्लं तरी कुणाला काही वाटत नाही. फेबियन नावाचा हुशार नर आपल्या शोधाच्या बदल्यात नरांसाठी जगण्याचा हक्क मागतो. पुस्तकातला हा सर्वांत जमलेला भाग. पुरुष वाचकांनी जरूर वाचावा. यानातल्या माणसांची प्रकरणं त्यामानाने नेहमीचीच.

पृथ्वी गमावलेली ही माणसं शेवटी राहायला जागा शोधत याच ग्रहाशी येतात. त्यांच्यातली एक बाई कोळ्यांच्या हाती लागते आणि त्यांच्या कैदेत बराच काळ काढते. पण तिचे पाय काहीच 'बोलत' नाहीत. त्यामुळे हा अवाढव्य प्राणी आपल्यासारखा विचार करत असेल, हे त्यांच्या लक्षातच येत नाही.