ऊन मोजणारे मणी, बिल्ले आणि आपली सावली

आपल्या विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांत आज अभियंते आहेत, परिचारिका आहेत, शिक्षक आहेत. पण त्यांच्या आईवडिलांपैकी बहुतेकांचे आयुष्य उन्हात गेले. कापसाच्या शेतात, वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर, उसाच्या फडात. ऊन हा आपल्या समाजाच्या इतिहासातला एक न लिहिलेला अध्याय आहे, असे आम्हांस वाटते. म्हणूनच अंगावर घालावयाच्या ज्या लहानसहान वस्तू 'आता ऊन पुरे, सावलीत जा' असा इशारा देतात, त्यांच्याविषयी या स्मरणिकेत लिहावे असे योजले. विषय विज्ञानाचा, लिहिणारा इतिहासाचा. परंतु या वस्तूंनाही इतिहास आहेच.

आरंभी एक घोटाळा दूर केला पाहिजे. ऊन म्हणजे ताप, आणि ताप मोजला की ऊन मोजले, असे आपण समजतो. ते तसे नाही. इ. स. १८०० मध्ये विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने लोलकातून निघालेल्या सप्तरंगी पट्ट्यात तापमापक ठेवून पाहिले, तेव्हा तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांस काहीच दिसत नव्हते, तेथेही पारा चढला. हे अवरक्त किरण. पुढच्याच वर्षी येना येथे योहान विल्हेल्म रिटर याने पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, जांभळ्याच्या पलीकडे, सिल्व्हर क्लोराइड ठेवले. प्रकाशाने काळा पडणारा हा क्षार तेथील अंधारात सर्वांत जलद काळवंडला. हे अतिनील किरण. आमच्या पिढीने जुन्या पुस्तकांत त्यांना 'जंबुपार' या गोड नावाने ओळखले. ऊन मोजणाऱ्या आजच्या साऱ्या बिल्ल्यांचा मूळपुरुष म्हणजे रिटरचा हा काळवंडणारा क्षार होय.

या दोन प्रयोगांतला भेद ध्यानी ठेवावा. अतिनील किरण अंगाला जाणवत नाहीत. हिवाळ्यातल्या थंड वाऱ्यात, पातळ ढगांतून, वाळूवरून किंवा बर्फावरून परावर्तित होऊनही ते येतात आणि त्वचा भाजतात. भाजल्याची जाणीव काही तासांनी होते, तेव्हा वेळ टळलेली असते. जे इंद्रियांना कळत नाही त्यासाठीच उपकरण लागते. उलट उष्माघात करणारा ताप अंगाला कळतो, त्यासाठी मणी लागत नाही, थांबण्याची मुभा लागते. त्याकडे आम्ही पुढे वळू.

इशारा देणाऱ्या वस्तूंचे दोन वंश आहेत. मोटारीत वेगाचा काटा असतो आणि एकूण किलोमीटर दाखवणारा आकडाही असतो. त्यांच्यातला फरक तोच येथेही. काही वस्तू या क्षणी किरण किती तीव्र आहेत एवढेच सांगतात, तर काही सकाळपासून एकूण किती किरण अंगावर घेतले याचा हिशेब ठेवतात. त्वचेचे नुकसान हिशेबाने होते, क्षणाने नव्हे.

पहिल्या वंशातली सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे रंग बदलणारे प्लॅस्टिकचे मणी. घरात पांढरे दिसणारे हे मणी उन्हात नेताच जांभळे, गुलाबी, पिवळे होतात आणि आत आणले की काही मिनिटांत पुन्हा पांढरे होतात. अतिनील किरणांनी त्यांतील रंगद्रव्याच्या रेणूचा एक बंध तुटून रेणू उलगडतो व रंग दिसू लागतो. किरण थांबले की रेणू पुन्हा मिटतो. आम्ही हे मणी दोऱ्यात ओवून इयत्ता आठवीच्या मुलांच्या मनगटांवर बांधले आणि त्यांना आवारात पिटाळले. मुलांनी शोधलेल्या गोष्टी पाठ्यपुस्तकापेक्षा मोलाच्या होत्या. कडुनिंबाच्या सावलीतही मणी फिकट रंगतात, कारण निळ्या आकाशातून विखुरलेले किरण तेथेही पोहोचतात. वर्गाच्या बंद काचेआड रंग मंद पडतो, कारण साधी काच या किरणांचा मोठा भाग अडवते. एका मुलीने वडिलांचा जत्रेत घेतलेला काळा गॉगल मण्यांवर धरला, तर मणी खुशाल जांभळे झाले! गॉगल काळा होता, पण अतिनील किरण अडवीत नव्हता. असा गॉगल नसलेला बरा, कारण काळोखाने डोळ्याची बाहुली मोठी होते आणि किरणांना वाट अधिकच मोकळी मिळते. गॉगल घेण्यापूर्वी ही परीक्षा कोणालाही करता येईल.

या मण्यांचा एक दोष मात्र आपल्या प्रदेशात फार महत्त्वाचा आहे. रेणू मिटण्याची क्रिया उष्णतेने वेगवान होते. म्हणून थंडीत मणी गडद दिसतात आणि कडक उन्हाळ्यात त्याच तीव्रतेच्या किरणांत फिकट. विदर्भातल्या मे महिन्यात ज्याने मण्याच्या फिकट रंगावर विसंबून 'आज ऊन बेताचे आहे' असे म्हटले, तो फसला. मणी शिकवण्यासाठी उत्तम आहेत, विसंबण्यासाठी नाहीत.

दुसऱ्या वंशाची, म्हणजे हिशेब ठेवणाऱ्या बिल्ल्याची, कथा प्रयोगशाळेतली. १९७६ साली डेव्हिस, डीन आणि डिफी या ब्रिटिश संशोधकांनी 'नेचर' नियतकालिकात पॉलिसल्फोन नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पापुद्र्याविषयी लिहिले. हा पापुद्रा अतिनील किरणांनी हळूहळू बदलत जातो आणि पूर्वस्थितीवर येत नाही. त्याचा तुकडा चौकटीत बसवून छातीवर, टोपीवर लावायचा आणि दिवसाअखेर यंत्रात मोजायचा. बागकाम करणारे, शाळकरी मुले, मैदानी खेळाडू यांच्या अंगावर किती ऊन पडते याचे कितीतरी अभ्यास या साध्या बिल्ल्यावर उभे राहिले.

छातीवर लावायचा मापक बिल्ला ही कल्पना मुळात आली क्षकिरणांच्या क्षेत्रातून. आपले जे माजी विद्यार्थी रुग्णालयांत एक्स-रे विभागात काम करतात, त्यांच्या खिशाला 'टीएलडी' बिल्ला लावलेला असतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या या बिल्ल्यात कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात. किरणोत्साराची ऊर्जा त्या साठवून ठेवतात आणि तापवल्यावर प्रकाशरूपाने परत देतात. साधारणतः दर तीन महिन्यांनी बिल्ला मोजायला जातो, नोंद होते. वर्षाकाठी ३० मिलिसिव्हर्ट आणि पाच वर्षांत १०० ही मर्यादा ओलांडता येत नाही. येथे थोडे थांबून विचार करावा. तो बिल्ला कर्मचाऱ्याने हौसेने विकत घेतलेला नसतो. तो पुरवणे ही संस्थेची जबाबदारी असते, आणि आकडा वाढला तर विचारणा संस्थेला होते. या बिल्ल्यामागे कायदा उभा आहे.

उन्हाच्या बिल्ल्यामागे मात्र बाजार उभा राहिला. २०१६ साली लॉरिआल या फ्रेंच प्रसाधन कंपनीने त्वचेवर चिकटवायची, रंग बदलणारी पट्टी आणली. २०१८ मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे जॉन रॉजर्स यांच्या सहकार्याने तिनेच अंगठ्याच्या नखावर मावेल एवढा, बॅटरीवाचून चालणारा संवेदक दाखवला. मोबाइल जवळ नेला की तो साठवलेला हिशेब सांगतो. बुद्धी थक्क व्हावी असे हे काम आहे, यात शंका नाही. पण इशारा देणारा आणि इशाऱ्यानंतर लावायचे मलम विकणारा एकच असेल, तर ग्राहकाने डोळे उघडे ठेवावेत हे बरे.

त्याच वर्षी मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठात विपुल बन्सल यांच्या चमूने केलेले काम आम्हांस अधिक जवळचे वाटते. त्यांनी एक शाई तयार केली. तीत फॉस्फोमॉलिब्डिक आम्ल आणि दह्याला आंबटपणा देणारे लॅक्टिक आम्ल असते. कागदावर ती दिसत नाही. अतिनील किरण पडत जातात तशी निळी होते. तिने कागदावर हसरे-रडवे चेहरे काढले, आणि ऊन वाढेल तसा एकेक चेहरा उमटू लागला. अक्षर न येणाऱ्यालाही कळावा असा हा इशारा. शिवाय त्यांनी सहा प्रकारच्या त्वचांसाठी सहा वेगळे मापक केले.

हा सहा त्वचांचा मुद्दा थोडा उलगडून सांगावयास हवा. उन्हाने त्वचा कशी भाजते यावरून तिचे प्रकार पाडण्याची पद्धत अमेरिकन त्वचातज्ज्ञ टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली सुरू केली. तेव्हा प्रकार चारच होते आणि ते गोऱ्या लोकांचे होते. तपकिरी आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा व सहावा प्रकार नंतर जोडण्यात आला. जगातील बहुसंख्य माणसे अशी पुरवणीत आली! मोजपट्टी कोणाच्या अंगावर बेतली आहे हे पाहण्याची सवय इतिहासाच्या विद्यार्थ्याला असतेच. 'वर्ण' या शब्दाचा एक अर्थ रंग हा आहे, हे आपल्याला तरी कोणी सांगायला नको.

आकडे पाहू. हवामानाच्या मोबाइल-अॅपवर 'यूव्ही इंडेक्स' दिसतो. कॅनडाने १९९२ साली तो सुरू केला, पुढे जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारला. त्याचा एक अंक म्हणजे दर चौरस मीटरला त्वचा भाजणाऱ्या किरणांचे ०.०२५ वॅट. निर्देशांक १० असताना एका तासात चौरस मीटरवर ९०० ज्यूल पडतात. अतिगोऱ्या त्वचेला लाली येण्यास सुमारे २०० ज्यूल पुरतात, म्हणजे तेरा-चौदा मिनिटे. सावळ्या त्वचेला त्याच्या दुप्पट-तिप्पट किंवा त्याहून अधिक लागतात. आपल्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी निर्देशांक ११ च्या वर सहज जातो. पण युरोपीय त्वचेसाठी बेतलेला बिल्ला आपल्या मुलाच्या हातावर पंधराव्या मिनिटाला धोक्याचा रंग दाखवील, आणि दोन दिवसांत तो बिल्ला कोणी मानणार नाही. खोटा इशारा हा इशारा नसण्याहून वाईट.

सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे निसर्गाने दिलेले छत्र आहे, उणीव नव्हे. तेव्हा मुलगी 'काळी पडेल' म्हणून तिला खेळाच्या मैदानावरून आत बोलावणाऱ्या पालकांना आमची विनंती, की त्या भीतीला विज्ञानाचा आधार देऊ नये. काही मुलांना मात्र हे बिल्ले खरोखर उपयोगी आहेत. ज्यांच्या त्वचेत जन्मतः रंगद्रव्य नसते, ज्याला अल्बिनिझम म्हणतात, त्या मुलांना हे छत्रच नसते. विषुववृत्ताजवळच्या आफ्रिकी देशांत अशा व्यक्तींना तरुणपणीच त्वचेचा कर्करोग होताना दिसतो. अशा मुलाला वर्गात खिडकीपासून दूर बसवावे, पूर्ण बाह्यांचा गणवेश द्यावा, मैदानावरील प्रार्थनेत सावलीची जागा द्यावी. आणि त्याला वेगळे पाडण्यासाठी नव्हे, तर त्याचे त्याला कळावे म्हणून मनगटावर मणी द्यावेत. कोडाचे पांढरे डाग असणाऱ्यांनीही ते डाग उन्हात झाकावेत. आणि डोळे? त्यांना मेलॅनिनचे छत्र फारसे पुरत नाही. वर्षानुवर्षांच्या अतिनील किरणांनी मोतीबिंदूला हातभार लागतो, बुबुळावर मांसल पडदा चढतो. काठाची टोपी व खरा गॉगल हे चैनीचे नव्हे, कामाचे साहित्य आहे.

आता तापाकडे. आपल्या माणसांचे प्राण अतिनील किरणांनी जात नाहीत, उष्माघाताने जातात, आणि वर वर्णिलेला एकही मणी वा बिल्ला त्याचा इशारा देत नाही. तापाच्या इशाऱ्याचे एक जुने उदाहरण सांगण्याजोगे आहे. अमेरिकन मरीन दलाच्या पॅरिस आयलंड प्रशिक्षण तळावर उष्म्याने जवान कोसळत, म्हणून १९५० च्या दशकात ताप, आर्द्रता, वारा आणि ऊन यांचे एकत्रित मापन सुरू झाले. त्यानुसार हिरवा, पिवळा, लाल, काळा असे ध्वज लावतात. हे मापन ९० अंश फॅरनहाइटवर गेले, म्हणजे सुमारे ३२ अंश सेल्सियस, की काळा ध्वज चढतो आणि मैदानी कवायत थांबते. ध्वजाने केवळ माहिती दिली नाही. थांबण्याची आज्ञा दिली.

कापूस वेचणाऱ्या बाईच्या मनगटावर उद्या उत्तमातला उत्तम संवेदक बांधला आणि तो दुपारी बाराला लाल झाला, तर ती काय करील? वेचणीची मजुरी किलोवर मिळते. तिने साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवलेला असतो, डोक्याला घट्ट फडके असते. ऊन किती आहे हे तिला कळत नाही असे नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी कारखान्यांतील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक मांडले आणि १९४६ साली तो कायदा झाला. त्या कायद्याची सावली छपराखालच्या कामगारापर्यंत पोहोचली, शेतापर्यंत नाही. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्याने कामाच्या ठिकाणी पिण्याचे पाणी, विश्रांती आणि मुलांसाठी सावली यांची तरतूद केली. आपल्या गावातील कामावर ती प्रत्यक्षात असते का, हे गावी जाणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी पाहून यावे, कारण कागद वाचता येणारे माणूस तेथे तेच असतात.

बाजारातील बिल्ला येईल तेव्हा येवो. तोवर एक फुकटचा मापक प्रत्येकाच्या पायाशी आहे. सपाट जमिनीवर आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल, तर सूर्य ४५ अंशांच्या खाली आहे आणि अतिनील किरण त्या मानाने सौम्य आहेत. सावली उंचीहून आखूड झाली की किरण तीव्र झाले. महाराष्ट्रात मे महिन्यात सूर्य एके दिवशी थेट डोक्यावर येतो आणि भरदुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. १४ एप्रिलच्या मिरवणुकीतही दुपारी सावली अगदी तोकडी असते. लेकरांना खांद्यावर घेऊन चालणाऱ्यांनी तेव्हा त्यांच्या डोक्यावर ओले नव्हे, कोरडे दाट विणीचे फडके टाकावे. ओल्या पातळ कापडाने गार वाटते, पण त्यातून अतिनील किरण अधिक आत येतात. विद्यालयाच्या पटांगणात ध्वजस्तंभाजवळ मुलांनी चुन्याने सावलीच्या खुणा आखल्या आहेत. स्तंभाची सावली त्याच्या उंचीइतकी होते ती रेषा सकाळी ओलांडली, की मैदानावरील तास आत घ्यायचा, असा नियम मुलांनी सुचवला आहे, आणि तो वेळापत्रकात बसवण्याचे काम चालू आहे.