आधी वेग, मग नोकरी

लातूर-नांदेड म्हटले की नीट-जेईईच्या शिकवण्या आठवतात. लघुलेखन टायपिंग इन्स्टिट्यूटच्या पाटीवर खालच्या ओळीत सापडते. त्याच्या शासकीय परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते.

राज्य शासनात लघुटंकलेखकाला मिनिटाला ८०, निम्नश्रेणी लघुलेखकाला १०० आणि उच्चश्रेणीला १२० शब्दांचा वेग लागतो. जोडीला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचे टंकलेखन. न्यायालयांकडेही लक्ष ठेवावे: मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातील जिल्हा न्यायालयांसाठी काढलेल्या ४,६२९ जागांत ५६८ लघुलेखकांच्या होत्या.

१८३७ साली आलेल्या लघुलेखनाच्या पिटमन पद्धतीत ‘प’ आणि ‘ब’ची रेघ एकच, ‘ब’ची जाड. घाईत हा फरक पुसला की वाक्यच बदलते. म्हणून रोजचा सराव सुटता कामा नये, आठवड्यातून एकदा बसून भागत नाही.

केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या (एसएससी) लघुलेखक परीक्षेत ‘ड’ श्रेणीला बारावी पुरते. अडचण भाषेची: श्रुतलेखन इंग्रजी किंवा हिंदीतच, मराठीत नाही. दहा मिनिटांत ८०० शब्द उतरवायचे आणि मग संगणकावर टंकायचे. त्यासाठी इंग्रजीला ५० मिनिटे मिळतात, हिंदीला ६५.