वर्म्स हेड: वेल्सच्या या शांत किनाऱ्यावर घड्याळ का पाहावं लागतं?

सुमारे पाच किलोमीटर लांब वाळू, मागे हिरवी टेकडी, चरणाऱ्या मेंढ्या आणि मोजकी माणसं. वेल्समधल्या रॉसिली किनाऱ्याचे असे फोटो तुम्हीही पाहिले असतील. स्वॉन्झी शहराजवळच्या ज्या गावर द्वीपकल्पावर हा किनारा आहे, त्याला 1956 साली ब्रिटनमधलं पहिलं 'उत्कृष्ट निसर्गसौंदर्याचं क्षेत्र' जाहीर करण्यात आलं.

या किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला समुद्रात शिरलेला एक लांबट खडक दिसतो. तो म्हणजे वर्म्स हेड. हे नाव सर्प किंवा ड्रॅगन या अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दावरून आलं आहे. तिथे चालत जाता येतं, पण फक्त ओहोटीच्या वेळी.

नेमका धोका काय?

वर्म्स हेडकडे जाणारी खडकाळ वाट ओहोटीच्या आधी अडीच तास आणि नंतर अडीच तास, म्हणजे साधारण पाच तास उघडी असते. पुढची ओहोटी सुमारे साडेबारा तासांनी येते. त्यामुळे वेळ चुकली, तर जवळपास साडेसात तास तिथेच थांबावं लागतं. स्वॉन्झीत जन्मलेला कवी डिलन थॉमसही एकदा असाच रात्री उशिरापर्यंत अडकला होता.

पाणी इतकं का चढतं?

ब्रिस्टल चॅनल नरसाळ्यासारखा आत अरुंद होत जातो. त्यात शिरलेलं पाणी दाटतं आणि उंच चढतं. म्हणूनच इथली भरती-ओहोटी जगातल्या सर्वात मोठ्यांपैकी एक मानली जाते. हाच समुद्र ओसरला की वाळूत 'हेल्व्हेशिया' जहाजाच्या लाकडी फासळ्या दिसतात. हे नॉर्वेजियन जहाज 1887 साली वादळात इथे फुटलं.

जाण्याआधी काय करावं?

ओहोटीची वेळ त्याच दिवशी तपासा, कारण ती रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. अडीच तासांची मुदत निघण्याची नाही, वाट ओलांडून परत पोहोचण्याची आहे. समोरच्या कड्यावरच्या जुन्या कोस्टगार्ड चौकीतून स्वयंसेवक नजर ठेवतात. शंका असेल तर त्यांनाच विचारा.

आणि अडकलातच, तर पाण्यात उतरू नका. अंतर कमी दिसतं, पण प्रवाह जोरदार असतो. उंच जागी थांबा, 999 वर फोन करून 'कोस्टगार्ड' मागा. वाट पुन्हा उघडतेच. घाई मात्र जिवावर बेतू शकते.