जस्त झिजते, लोखंड वाचते



घाटाखाली वैभववाडी भागातील ऊस प्लॉटची पाहणी आटोपून आम्ही मालवण बंदरावर गेलो. किनाऱ्यावर ओढलेल्या एका मच्छीमारी नौकेच्या लोखंडी सुकाणूवर जस्ताची वडी बोल्टने बसविलेली दिसली. वडी निम्मी झिजलेली, सुकाणू मात्र शाबूत. तांडेल म्हणाले, "ह्यां झिजता म्हणान सुकाणू रवता." सारे शास्त्र त्यात आले.

खाऱ्या ओलाव्यात दोन धातू एकमेकांना जोडलेले असले की बॅटरीच्या सेलसारखी त्यांच्यात बारीक वीज वाहते. जास्त क्रियाशील धातू झिजतो, दुसरा वाचतो. लोखंडाशेजारी जस्त असेल तर जस्त झिजते. पण तांबे, पितळ किंवा ब्राँझ असेल तर लोखंडच खाल्ले जाते. जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा असाच वाचवावा, हे इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ साली मांडले.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये अनावरण झालेला शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. चौकशीत गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणे पुढे आली. गंजाला हलके लेखू नये, ते यासाठी.

आपल्याकडे समुद्र नाही म्हणून निर्धास्त राहू नका. म्युरेट ऑफ पोटॅश हा मिठाचाच भाऊ. ते वाहिलेली ट्रॉली तशीच ठेवली की गंज सांध्यात शिरतो. भरल्या ट्रॉलीची हूक-पिन घाटात तुटली तर जिवाशी गाठ आहे!

तेव्हा गळीत हंगामापूर्वी एवढे करा :

१) खत वाहिल्यावर ट्रॉली धुऊन वाळवा.

२) गंज तारेच्या ब्रशने खरवडा, उरलेल्यावर फॉस्फोरिक आम्लाचे गंजनाशक लावा. ते पुसून, वाळवून जस्ताचा प्रायमर व मग रंग द्या. नुसत्या गंजावर रंग म्हणजे जखमेवर चादर.

३) लोखंडी पाइपला पितळी व्हॉल्व्ह थेट जोडू नका, मध्ये पीव्हीसीचा तुकडा घाला.

४) पुरलेल्या लोखंडी पाइपला संरक्षक पट्टी गुंडाळा, जाणकाराकडून मॅग्नेशियमचा ठोकळा तारेने जोडून घ्या. ठोकळ्याला रंग मारू नका. झिजणे हेच त्याचे काम.

मोठ्या तेलवाहिन्यांना बाहेरून डी.सी. वीज देऊन, लोखंड ऋण टोकाला जोडून वाचवतात. टोके उलटली तर पाइपच झपाट्याने झिजतो. म्हणून हा प्रयोग विहिरीवर करू नये.

वडी संपत आली की तांडेल ती बदलतो, सुकाणू जाण्याची वाट बघत नाही. आपणही बघू नये.

— ऊस विकास अधिकारी