पाण्याखालची आग आणि वरून जाणारं जहाज



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वही लिहून झाली, चहा आला. तेवढ्यात आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "एक विचारायचंय, पण हसू नका." काकूंचा मुलगा मालवाहू जहाजावर काम करतो. आपल्या कोकणपट्टीत अशी पुष्कळ घरं आहेत, मुलगा बोटीवर आणि आई फोनकडे डोळे लावून. त्याने फोनवर सांगितलं होतं की जहाज जपानच्या बाजूला चाललंय, पुढे समुद्राखाली ज्वालामुखी जागा झाल्याचा संदेश आलाय, म्हणून वाट थोडी बदलली. काकूंना दोन रात्री झोप नव्हती. "पाण्यात आग कशी लागेल? आणि लागली तर जहाजाचं काय?"

आमच्यात कुणी सातवी शिकलेली, कुणी बीए झालेली. पण उत्तर एकीलाही आलं नाही. मग आम्ही शाळेतल्या भूगोलाच्या बाईंना गाठलं, पुस्तकं चाळली, मोबाईलवर शोधलं. जे समजलं ते आज तुम्हाला सांगतोय.

सुरुवात आपल्या पायाखालून करू या. आपल्या घरातला पाटा-वरवंटा, जातं, गडाची तटबंदी हे सगळं ज्या काळ्या दगडाचं आहे, तो दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून हा लाव्हा थरांवर थर पसरला आणि आपला सह्याद्री त्यातून घडला. इथली आग कधीच विझली, पण पृथ्वीच्या पोटातली विझलेली नाही. आजही जगात जेवढा लाव्हा बाहेर येतो, त्यातला सुमारे तीन चतुर्थांश समुद्राच्या तळाशी येतो. म्हणजे जास्त ज्वालामुखी पाण्याखालीच आहेत. दिसत नाहीत, एवढंच.

मग पाण्याने ते विझत का नाहीत? तर ही आपल्या चुलीसारखी जळणारी आग नाही. हा वितळलेला दगड आहे, त्याला शिलारस म्हणतात. त्याची उष्णता हजार अंशांच्या आसपास असते. कढईतल्या तापलेल्या तेलात ओल्या हाताचे दोन थेंब पडले तर काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. पाण्याची क्षणात वाफ होते आणि तेल उडतं. पाण्याची वाफ झाली की ती मोकळ्या हवेत मूळ पाण्याच्या दीड हजार पटींहून जास्त जागा मागते. दोन थेंबांनी एवढं तेल उडत असेल, तर शिलारसाच्या लोंढ्यावर समुद्र आला तर काय होईल, याचा विचार करा.

पण इथे एक गंमत आहे, आणि जहाजाचा धोका याच गोष्टीवर ठरतो. समुद्रात दर दहा मीटर खाली गेलं की, आपल्या डोक्यावर हवेचा जेवढा दाब असतो तेवढा दाब आणखी वाढतो. दोन-तीन हजार मीटर खोलीवर पाण्याचा भार इतका असतो की वाफेला फुगायला वावच मिळत नाही. कुकरच्या झाकणावर डोंगर ठेवल्यासारखं ते असतं. तिथे लाव्हा मुकाट्याने बाहेर येतो आणि उशांसारखे गोल गोल दगड होऊन थिजतो. वरून जाणाऱ्या जहाजाला पत्ताही लागत नाही. ज्वालामुखी मात्र थरावर थर चढवत वर येत राहतो. त्याचं तोंड पृष्ठभागापासून शे-दोनशे मीटरवर किंवा त्याहून वर आलं, की झाकण हलकं होतं. मग स्फोट होतात. म्हणजे सगळ्यात खोल असलेला ज्वालामुखी सगळ्यात भयंकर नाही. पाण्याच्या अगदी खाली, नजरेआड दबा धरून बसलेला भयंकर.

असंच एकदा जपानमध्ये घडलं. सप्टेंबर १९५२ मध्ये टोकियोच्या दक्षिणेला चारशेहून जास्त किलोमीटरवर भर समुद्रात पाणी उसळताना एका मासेमारी बोटीला दिसलं. बोटीचं नाव म्योजिन मारू. बोटीवरच्या लोकांनी ती खबर दिली, आणि त्या बोटीवरूनच त्या जागेला म्योजिन-शो हे नाव पडलं. तिथे एक छोटं बेट वर यायचं, स्फोटात उडून जायचं, पुन्हा वर यायचं. त्याचा अभ्यास करायला जपान सरकारच्या सागरी सर्वेक्षण खात्याचं कायो मारू क्रमांक पाच हे जहाज निघालं. जहाजावर खलाशी आणि शास्त्रज्ञ मिळून ३१ माणसं होती. २४ सप्टेंबरला ते जहाज बेपत्ता झालं. मदतीची हाकसुद्धा आली नाही. नंतर शोध घेणाऱ्यांना लाकडाचे तुकडे तरंगताना सापडले, आणि त्यांत ज्वालामुखीच्या दगडाचे कण रुतलेले होते. त्यावरून कळलं की जहाज स्फोटाच्या अगदी जवळ सापडलं होतं. ३१ पैकी एकही माणूस परतला नाही.

याहून मन हलवणारी गोष्ट पुढे आहे. म्योजिन-शोच्या स्फोटांचा आवाज पाण्यातून प्रवास करत पार अमेरिकेच्या कॅलिफोर्निया किनाऱ्यापर्यंत गेला. तिथे पाण्यात बसवलेल्या यंत्रांनी तो नोंदवला. समुद्राच्या पलीकडच्या काठाला ऐकू आलं, पण वर उभ्या असलेल्या माणसांना वेळेवर इशारा देणारं कुणी नव्हतं.

ही माणसं बेफिकीर नव्हती. ती इतरांच्या जिवासाठी माहिती आणायला गेली होती. पण खालचा डोंगर कुठे आहे, केव्हा फुटेल, हे त्यांना दिसत नव्हतं. त्या दुर्घटनेनंतरच्या काळात जपानने माणूस नसलेली, दुरून चालवायची बोट तयार केली. आता अशा जागी आधी ती बोट जाते.

आता जहाजाला धोका कोणकोणता, ते एकेक बघू.

पहिला धोका थेट स्फोटाचा. त्यात वाफ, तापलेले दगड, राख आणि उसळणारं पाणी सगळं आलं.

दुसरा धोका बुडबुड्यांचा. सोड्याची बाटली उघडल्यावर फेस येतो, तसं ज्वालामुखीतून वायू सुटतात आणि पाणी बुडबुड्यांनी भरतं. असं पाणी हलकं होतं. जहाज तरंगतं ते पाण्याच्या जडपणावर. पाणीच पोकळ झालं तर जहाज खाली बसू शकतं, आणि गळ्यातलं लाइफ जॅकेटही भरवशाचं राहत नाही. वेस्ट इंडिजमधल्या ग्रेनाडा देशाच्या उत्तरेला आठ किलोमीटरवर किक एम जेनी नावाचा असा ज्वालामुखी आहे. १९३९ मध्ये त्याचा उद्रेक पहिल्यांदा नोंदला गेला. १९४४ च्या ऑगस्टमध्ये त्याच भागात आयलंड क्वीन नावाचं शिडाचं जहाज साठहून जास्त प्रवाशांसह नाहीसं झालं. कारण कधीच सिद्ध झालं नाही, पण तिथल्या लोकांच्या मनात ज्वालामुखीचा संशय आजही आहे. आता तिथे नियम आहे. एरवी ज्वालामुखीच्या तोंडापासून दीड किलोमीटरच्या आत बोट न्यायची नाही, आणि इशारा नारिंगी झाला की पाच किलोमीटरच्या आत नाही. जुलै २०१५ मध्ये असा नारिंगी इशारा दिला गेला होता.

तिसरा धोका ऐकून आमच्या गटातल्या बायका चकित झाल्या, कारण तो आपल्या न्हाणीघरातही असतो. टाचा घासायचा तो हलका, भोकाभोकांचा दगड असतो ना, प्युमिस म्हणतात तो? तो म्हणजे शिलारसाचा फेस, वाळून दगड झालेला. आत हवा असल्यामुळे तो पाण्यावर तरंगतो. समुद्राखाली उद्रेक झाला की असे कोट्यवधी दगड वर येतात आणि मैलोन् मैल तरंगती चादर होते. ऑगस्ट २०१९ मध्ये टोंगा आणि फिजी या देशांच्या मधल्या समुद्रात ऑस्ट्रेलियाचं एक जोडपं रात्री शिडाच्या बोटीने जात होतं. अचानक बोटीचा वेग मंदावला. सगळीकडे दगडच दगड, गोटीएवढ्यापासून चेंडूएवढ्यापर्यंत. सुकाणूत दगड अडकून ते जाम झालं. मोठ्या कष्टाने ते बाहेर पडले.

आणि हे दगड जिथल्या तिथे राहत नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये जपानच्या दक्षिणेला फुकुतोकु-ओकानोबा या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. दोन महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, त्याचे दगड हजार किलोमीटरहून लांबच्या ओकिनावा बेटांच्या बंदरांत येऊन साचले. बोटीचं इंजिन थंड राहायला समुद्राचं पाणी आत ओढतं. त्या पाण्याबरोबर खडे गेले की जाळी तुंबते आणि इंजिन तापून बंद पडतं. मच्छीमारांना बोटी बांधून ठेवाव्या लागल्या, बेटांवर जाणाऱ्या फेऱ्या रद्द झाल्या. पिंजऱ्यात पाळलेल्या माशांनी खडे गिळले आणि ते मेले. मैत्रिणींनो, बोट बंद म्हणजे घरातली चूल बंद, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

चौथा धोका लाटांचा. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगामधला हुंगा टोंगा-हुंगा हापाई हा ज्वालामुखी फुटला. राखेचा ढग ५७ किलोमीटर उंच गेला. समुद्रतळाची केबल तुटून टोंगा देश जगापासून तुटला. ती केबल जोडायला पाचेक आठवडे लागले. त्याच्या त्सुनामी लाटा प्रशांत महासागर ओलांडून सुमारे दहा हजार किलोमीटरवरच्या पेरू देशापर्यंत गेल्या. तिथे किनाऱ्यावर दोन बायका बुडून गेल्या. त्याच दिवशी तिथे तेल उतरवणाऱ्या एका जहाजातून हजारो बॅरल तेल समुद्रात सांडलं. लाटांनी जहाज हललं असं कंपनीने सांगितलं, दोष कुणाचा यावर वाद झाला. पण नुकसान झालं ते किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्सुनामीची लाट खोल समुद्रात फार उंच नसते, तिथल्या जहाजाला ती जाणवतही नाही. ती उंच होते किनाऱ्याजवळ, उथळ पाण्यात. म्हणून अशा वेळी भर समुद्रातल्या जहाजापेक्षा बंदरात बांधलेल्या जहाजाला जास्त धोका असतो.

आता आपल्या देशाकडे येऊ. भारतात जागा ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट. पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १४० किलोमीटरवर ते आहे. वर दिसतो तो नुसता शेंडा, बाकीचा डोंगर पाण्याखाली. १७८७ मध्ये त्याच्या उद्रेकाची नोंद झाली. मग दीडशेहून जास्त वर्षं तो गप्प होता, आणि १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. जानेवारी २०१७ मध्ये गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ 'सिंधू संकल्प' जहाजावरून त्याच्याजवळ समुद्रतळाचे नमुने काढत होते. अचानक राख उडू लागली. त्यांनी काय केलं? जहाज सुमारे मैलभर लांब घेतलं आणि तिथून पाहणी केली. दिवसा राखेचे ढग दिसले, सूर्य मावळल्यावर लाव्ह्याची लाल कारंजी. माहितीही मिळाली आणि सगळे सुखरूप राहिले.

मग काकूंच्या मुलाला आलेला तो संदेश कुठून आला? जगातले सगळे समुद्र इशाऱ्यांसाठी २१ विभागांत वाटून घेतले आहेत. प्रत्येक विभाग एकेका देशाकडे सोपवलेला असतो. आपल्या बाजूच्या विभागाची जबाबदारी भारताकडे आहे, आणि ते काम देहरादूनच्या राष्ट्रीय जल सर्वेक्षण कार्यालयातून चालतं. कुठे ज्वालामुखी, कुठे वादळ, कुठे बुडालेल्या जहाजाचा अडथळा, हे सगळं तिथून जहाजांना कळवलं जातं. खबर मिळते उपग्रहातून, पाण्यात बसवलेल्या यंत्रांतून, आणि कित्येकदा तिथून जाणाऱ्या साध्या बोटीतूनही. पाण्याचा रंग हिरवट-पिवळट झालाय, गंधकाचा वास येतोय, बुडबुडे येताहेत, मेलेले मासे तरंगताहेत, असं दिसलं की जहाजाने दोन कामं करायची. आधी लांब व्हायचं आणि लगेच कळवायचं.

हे सगळं आम्ही पुढच्या बैठकीत काकूंना सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तो संदेश आला, ही चांगलीच गोष्ट झाली की!"

आम्हालाही तेच म्हणायचंय. घरी फोन आला आणि मुलगा म्हणाला, "इशारा आलाय, वाट बदलली," तर छातीत धस्स होऊ देऊ नका. कायो मारूवरच्या ३१ जणांना असा इशारा मिळाला नव्हता. आणि आपली माणसं मासेमारीला जातात, त्यांनाही सांगा. समुद्रात काही वेगळं दिसलं तर बघायला जवळ जाऊ नका, पण बघितलं ते पोटातही ठेवू नका. तटरक्षक दलाचा १५५४ हा मोफत क्रमांक घरात आणि बोटीत लिहून ठेवा.

काकूंचा मुलगा त्या आठवड्यात बंदराला लागला. त्याने आईला एक दगड आणायचं कबूल केलंय, टाचा घासायचा. काकूंनी निक्षून सांगितलंय, "दुकानातून घे हो. पाण्यातून काढायला जाऊ नको."