पोर्टेबल ग्रिल घेताय? आधी झाकण पाहा

गेल्या डिसेंबरात आम्ही अकराजण शेतावर मुक्कामाला गेलो, तेव्हा नवीकोरी घडीची ग्रिल हौसेनं सोबत नेली होती. दुकानात ती भलतीच ऐटदार दिसली होती. पत्रा पातळ आणि वर झाकण नाही, याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. निखाऱ्यांवर चिकनचे मोठे तुकडे ठेवले, दहा मिनिटांत ते बाहेरून करपले आणि आतून कच्चेच राहिले. मुलांनी शेवटी भाजलेली कणसं खाऊन पोट भरलं.

झाकण नसलेल्या ग्रिलवर फक्त खालून आच लागते. पनीर, कणीस, पापड, बारीक तुकड्यांचे कबाब यांना ती पुरते. कोंबडीची तंगडी किंवा अख्खा मासा शिजवायचा तर झाकण हवंच. निखारे एका बाजूला सारायचे, पदार्थ दुसऱ्या बाजूला ठेवायचा आणि झाकण घालायचं, की ग्रिलची भट्टी होते. १९५२ मध्ये शिकागो परिसरातल्या जॉर्ज स्टीफन यांनी नेमकं हेच केलं. ते काम करत त्या कारखान्यात पाण्यावर तरंगणारे धातूचे गोल बनत. तशाच अर्धगोलातून त्यांनी झाकणाची गोल ग्रिल तयार केली. आजही घुमटासारख्या झाकणाची ग्रिल त्याच घडणीची असते.

घेताना वर आणि खाली हवेची भोकं आहेत का, ती उघडझाप करता येतात का, हे पाहा. आच कमीजास्त करण्याचा तोच उपाय. चौघांच्या कुटुंबाला १४ इंच व्यासाची पुरते, सात-आठ जणांसाठी १८ इंचाची घ्या. पाय हलवून पाहायला लाजू नका. जाळी स्टीलची किंवा बिडाची असावी. जस्ताचा मुलामा दिलेली स्वस्त जाळी टाळा, फार तापली की तिचा धूर घातक ठरतो.

कोळसा, गॅस की वीज?

चवीला कोळसाच, यात माझ्या मते वाद नाही. मात्र तो पेटून राख धरेपर्यंत २०-२५ मिनिटं जातात. घाईनं रॉकेल ओतू नका, सगळ्या जेवणाला वास लागतो आणि भडका उडतो तो वेगळाच. गॅसची ग्रिल झटपट पेटते, पण हिमाचल-लडाखकडे जाणार असाल तर जपून. निव्वळ ब्युटेनचा डबा शून्य अंशाच्या आसपास मंदावतो. रेल्वेच्या डब्यात गॅस सिलिंडर नेण्यास बंदी आहे, हेही बेत आखतानाच लक्षात घ्या. फ्लॅटच्या बाल्कनीसाठी विजेची बरी. २००० वॉटची असेल तर १६ अँपिअरचा प्लग लागेल, साध्या एक्स्टेन्शनवर लावू नका.

स्मोकर हवा का?

खरं सांगायचं तर बहुतेक घरांना नको. स्मोकरमध्ये ११०-१२० अंश सेल्सिअसच्या मंद आचेवर मांस कित्येक तास धुरात शिजतं. सहलीला गेलेली भुकेली मुलं इतकं थांबतील का? झाकणाच्या ग्रिलमध्ये निखाऱ्यांवर पेरूच्या किंवा आंब्याच्या वाळक्या लाकडाचा तुकडा टाकला तरी छान धुरकट वास येतो. रंगवलेलं लाकूड किंवा प्लायवूड मात्र अजिबात नको. रायगडकडची पोपटी आठवा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेलं चिकन आणि भोवती जाळ. कुठलंही यंत्र न घेता तोंडाला पाणी सुटतं!

चिकनसाठी मांसात खुपसायचा थर्मामीटर जरूर घ्या. आत ७४ अंश दिसले की निर्धास्त वाढा.

तंबूत कधीच नाही

त्या रात्री थंडी वाढली तेव्हा कुणीतरी सुचवलं, ‘ग्रिल तंबूतच घेऊ, ऊब येईल.’ सासऱ्यांनी ठाम नकार दिला. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. झोपेत असाल तर तेही कळत नाही आणि जीव जातो. खोली, तंबू, गाडी, ताडपत्रीखालचा आडोसा, कुठेच कोळशाची ग्रिल नेऊ नका, विझत आलेली असली तरीही. राखीव जंगलात तर आग पेटवणं हाच गुन्हा आहे.

निघताना राखेवर पाणी ओता, काठीनं ढवळा आणि पुन्हा ओता. वरून गार दिसणाऱ्या राखेत दुसऱ्या दिवशीही निखारा सापडतो. सोबत पत्र्याचा झाकणाचा डबा ठेवलात, तर ओली राख त्यात भरून घरी आणता येते.