कुंडीवरची चिठ्ठी

समजा शाळेच्या आनंदमेळाव्यात तुमचा वर्ग कुंड्या विकणार आहे. कोणी सुचवतो, चिठ्ठीवर लिहू या: 'संगणकाशेजारी निवडुंग ठेवा, किरणांपासून डोळे वाचवा!' खप वाढेल हे खरे; पण दावा खरा आहे काय?

पडद्याचा प्रकाश उगमापासून सरळ रेषेत निघतो. शेजारची कुंडी त्याला स्वतःकडे ओढून घेत नाही. अडवायचाच असेल तर निवडुंग तुमच्या आणि पडद्याच्या मध्ये ठेवावा लागेल. मग पडदा दिसणार कसा? शिवाय आजच्या सपाट पडद्यांतून क्ष-किरण बाहेर पडत नाहीत. ही चिठ्ठी बाद.

दुसरा म्हणेल, 'हवा शुद्ध करते' असे लिहू या. यामागे मात्र खरा प्रयोग आहे. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेतील वोल्व्हर्टन यांनी हवाबंद पेट्यांत कुंड्या ठेवल्या, तेव्हा बेंझीनसारख्या वायूंचे प्रमाण घटले. त्यांचा अहवाल १९८९ सालचा. पण आपले घर म्हणजे हवाबंद पेटी नव्हे. २०१९ मध्ये कमिंग्ज आणि वेअरिंग यांनी अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून गणित मांडले. इमारतीत एरवी हवा खेळते, तिची बरोबरी करायला जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील! बसायचे कुठे?

मग कुंडी विकूच नये? विकावी, पण आधी डोळ्याचे दुखणे समजून घ्यावे. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या कमी वेळा मिटतात, डोळे कोरडे होऊन चुरचुरतात. जवळचे पाहताना नेत्रभिंगाशी जोडलेले स्नायू आकुंचन पावलेले राहतात. नजर दूर गेली की ते सैलावतात. म्हणून दर २० मिनिटांनी, २० सेकंद, २० फुटांवर (सुमारे ६ मीटर) पाहावे असे सांगतात.

आता पाहा, टेबलावरची कुंडी हातभर अंतरावर असते. तिच्याकडे पाहून स्नायूंना विसावा कसला? तिची जागा खिडकीत. आणि निवडुंग तर अगदीच चुकीचा. त्याला पाणी क्वचित लागते, तो कोणाला खुर्चीवरून उठवणार नाही. पुदिना घ्या. माती सुकली की तो मान टाकतो, पाणी मिळाले की पुन्हा ताठ होतो.

कुंडीमुळे चष्मा टळेल, असेही लिहू नका. चीनमधील ग्वांगझू शहरात १२ शाळांत एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा मैदानावर नेले. तीन वर्षांत त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना निकटदृष्टिता जडली, तर इतर शाळांतील ३९.५ टक्के मुलांना. हे श्रेय उघड्या आभाळाखाली घालवलेल्या वेळाचे.

तेव्हा चिठ्ठी अशी लिहा: 'पुदिना. खिडकीत ठेवावा. दिवसातून दोन-तीनदा उठून माती चाचपावी, कोरडी असल्यास पाणी घालावे आणि तेवढ्यात समोरच्या झाडाचा शेंडा पाहावा. चटणीस उपयुक्त.'